हवा खाऊन जगणारा उपग्रह

गेल्या अंकात या पानाच्या तळाशी चार ओळींची जागा उरली होती, म्हणून मी अगदी खालच्या कक्षेत फिरणाऱ्या उपग्रहांचा विषय काढला. वाटेतली विरळ हवा समोरून गोळा करायची, विजेच्या जोरावर ती मागे फेकायची आणि त्या धक्क्यावर वर टिकून राहायचं, इंधनाची टाकी न्यायचीच नाही, असं यंत्र घडवायची खटपट जगात काही ठिकाणी चालू आहे, एवढंच लिहिलं होतं. त्या चार ओळींवर तेवीस पत्रं आली. एरवी महिन्याला सात-आठ येतात आणि त्यातली दोन तरी मुलाची पत्रिका पाहून द्याल का असं विचारणारी असतात. तेव्हा हा अंक सगळा याच विषयाला. नावं छापत नाही, तालुका छापतो.

पहिलं पत्र दर्यापूर तालुक्यातून, बारावी विज्ञानाच्या विद्यार्थिनीचं:
"सर, अंतराळात निर्वात असतं असं आम्ही शिकलो. मग तिथं हवा आली कुठून? आणि असली तरी यंत्र चालवण्याइतकी असेल का? तुमच्या ओळी मी घरी मोठ्यानं वाचल्या, तर आजी म्हणाली, 'हवा खाऊन कोनी जगते काय वं पोरी?' तिला काय सांगू?"

आजीला सांग, आजवर कोणी जगलेलं नाही, जगवायचा प्रयत्न चालू आहे.

तू शिकलीस ते चूक नाही, सोयीसाठी केलेली काटछाट आहे. हवेला छत नसतं. वर जावं तशी ती विरळ होते, आणि होतच जाते. आंतरराष्ट्रीय अंतराळस्थानक चारशे किलोमीटरवर फिरतं, तिथली उरलीसुरली हवाही त्याला अडवते, म्हणून त्याला अधूनमधून ढकलून वर न्यावं लागतं. आपल्याला हवी आहे ती जागा त्याच्या निम्म्या उंचीवर, दोनशे किलोमीटरच्या आसपास. आपल्या अंगणात एक मीटर लांब, रुंद आणि उंच पेटी ठेवली तर तिच्यात सव्वा किलोच्या आसपास हवा मावते. दोनशे किलोमीटरवर पाव किलो हवा जमवायला एक किलोमीटर लांब, एक किलोमीटर रुंद आणि तेवढीच उंच पेटी लागेल. म्हणजे आर्वी तालुक्यातलं आमचं अख्खं गावठाण, शेजारचा नाला आणि त्यावरचं किलोमीटरभर आभाळ. सूर्य तापला की हे प्रमाण वाढतं, निवला की घटतं, पण अंदाज एवढाच.

पण उपग्रह एका जागी उभा नसतो. तो सेकंदाला ७.८ किलोमीटर पळतो. आर्वीहून वर्ध्याला एसटीनं जायला आमचा दीड तास मोडतो, तो सात-आठ सेकंदांत जाईल. समज, त्याचं तोंड एक चौरस मीटरचं आहे, घरातल्या खिडकीएवढं. दर सेकंदाला त्या खिडकीवर दोन मिलिग्रॅम हवा येऊन आदळते. दिवसभराची बेरीज १७० ग्रॅम. पावशेरसुद्धा नाही.

आता एवढ्याशा हवेचा अडथळा तो काय असणार? हिशेब केला तर १७ मिलिन्यूटन येतो. मिलिन्यूटन डोळ्यांपुढे येत नसेल तर कोठीतल्या तुरीचे सतरा दाणे तळहातावर ठेव. जो भार जाणवेल, किंबहुना जाणवणारच नाही, तो. मी किराणा दुकानातल्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर शंभर दाणे मोजून पाहिले, दहा ग्रॅमला जरा कमी भरले. दुकानदारानं विचारलं, मास्तर, तूर विकायची आहे का? म्हटलं, नाही, उपग्रह तोलतो आहे.

सतरा दाण्यांचा हा भार चोवीस तास मागे ओढत राहिला, की तीनशे किलोचा उपग्रह दिवसाला आठएक किलोमीटर खाली येतो. खाली आला की हवा आणखी दाट, ओढ आणखी जास्त. पंधरवड्यात खेळ खलास.

यावर आजवरचा उपाय म्हणजे शिदोरी बांधून नेणं. युरोपीय अंतराळ संस्थेनं १७ मार्च २००९ ला गोचे नावाचा उपग्रह सोडला. स्पेलिंग बघून आमचा एक विद्यार्थी ते गोसे वाचायचा आणि गोसेखुर्द धरणाशी त्याचा काय संबंध म्हणून विचारायचा. संबंध नाही, पण गोचे मोठा नेटका होता. पाच मीटर लांब, बाणासारखा निमुळता, कुठलाही भाग हलणारा नाही. पृथ्वीचं गुरुत्व गावोगाव किती कमी-जास्त आहे ते मोजायचं, म्हणून त्याला २५५ किलोमीटरवर ठेवलं. सोबत चाळीस किलोच्या आसपास झेनॉन वायू. विजेवर चालणारा आयन थ्रस्टर तो झेनॉन थोडाथोडा मागे फेकायचा आणि हवेची ओढ क्षणाक्षणाला मोजून तेवढाच जोर लावायचा, १ ते २० मिलिन्यूटन. म्हणजे तुरीचा एक दाणा ते वीस दाणे. साडेचार वर्षं हा कारभार चालला. ऑक्टोबर २०१३ मध्ये झेनॉन संपला आणि तीन आठवड्यांत, ११ नोव्हेंबरला, गोचे दक्षिण अटलांटिक महासागरावर जळून पडला. जपानचा त्सुबामे त्याहून खाली गेला. त्सुबामे म्हणजे पाकोळी. २०१९ मध्ये त्यानं १६७.४ किलोमीटरवर राहून दाखवलं, तेही सोबत नेलेल्या शिदोरीवरच.

शिदोरी संपली की मुक्काम संपला. तेव्हा डोक्यात आलं, की जी हवा रोज पोटावर पाय देते तीच खायची.

ती पकडायची कशी, यात मला सगळ्यात जास्त गोडी वाटते. तिथली हवा वाऱ्यासारखी वाहत येत नाही. कण इतके दूरदूर असतात की एका कणाला दुसरा भेटायला शेकडो मीटर जावं लागतं. त्यामुळे नरसाळं लावलं तर हवा त्यात गोळा होऊन पुढे सरकत नाही; कण भिंतीवर आपटतात आणि बरेचसे आल्या वाटेनं परत जातात. मग तोंडाशी लांब, अरुंद नळ्यांची जुडी बसवतात, मधमाशांच्या पोळ्यासारखी. उपग्रह धावत असतो, त्यामुळे कण नळीतून सरळ सुसाट आत येतो. आत मागच्या भिंतीवर आपटला की त्याची दिशा जाते, तो कुठंही उडतो, आणि बाहेर पडायला नेमकी नळी सरळ रेषेत सापडणं कठीण होऊन बसतं.

हे पटावं म्हणून नातवाला घेऊन अंगणात एक उद्योग केला. पपईच्या पानांचे पोकळ देठ वीतभर लांबीचे कापले, सुतळीनं जुडी बांधली आणि तेलाच्या रिकाम्या डब्याच्या तोंडात ठोकून बसवली. वरून ज्वारीचे शंभर दाणे सोडले. काही देठांच्या कडांवर आपटून बाहेर सांडले, तेही मोजले. एकोणसत्तर आत गेले. डबा आडवा करून नातवानं मिनिटभर गदागदा हलवला, नऊ बाहेर आले. मग जुडी काढून तेवढेच दाणे उघड्या डब्यात टाकून तसंच हलवलं, पन्नासाच्या वर सांडले. शास्त्रज्ञ हसतील, कारण खऱ्या कणांचं आपटणं-उसळणं ज्वारीसारखं नसतं. पण आत जाणं सोपं आणि बाहेर येणं अवघड हे डोळ्यांनी दिसलं. कामट्यांच्या सापळ्यात मासा शिरतो आणि अडकतो, तसंच. उरलेला वेळ कोंबड्यांनी ज्वारी साफ करण्यात घालवला.

पकडलेली हवा मग थ्रस्टरमध्ये जाते. तिथं विजेनं तिच्या कणांवरचे इलेक्ट्रॉन उडवतात, कण विद्युतभारित होतात, त्याला प्लाझ्मा म्हणतात, आणि विद्युत व चुंबकीय क्षेत्रानं ते मागे भिरकावतात. गोम अशी, की समोरून येणाऱ्या सगळ्या हवेचा मार उपग्रहाला बसतो, पण हाती लागते, समज, शंभरातली चाळीस. त्या चाळिसांना इतक्या वेगानं फेकायचं, की शंभरांचा मार भरून निघेल. हा वेग सेकंदाला वीसएक किलोमीटर येतो. अशक्य नाही, झेनॉनवाले आयन थ्रस्टर याहून जोरात फेकतात. पण झेनॉनचा इलेक्ट्रॉन सहज सुटतो, नायट्रोजन आणि ऑक्सिजन तो धरून ठेवतात, म्हणून वीज जास्त जाते. माझ्या वहीतल्या हिशेबाप्रमाणे या खिडकीएवढ्या उपग्रहाला सहा-सातशे वॅट तरी लागतील, म्हणजे विहिरीवरच्या एक एचपीच्या मोटरीइतके. तेवढी वीज द्यायला सोलर पॅनेल मोठं करावं, तर त्यालाच हवा अडते. आणि पृथ्वीच्या सावलीत गेलं की तिथंही भारनियमन! म्हणून गोचेला दिवस-रात्रीच्या सीमारेषेवरून फिरणारी कक्षा दिली होती. तिथं बहुतेक काळ ऊन मिळतं.

आणखी एक त्रास ऑक्सिजनचा. खाली तो जोडीनं राहतो. तिथं सूर्याच्या अतिनील किरणांनी जोडी फोडलेली असते आणि सुटा अणू भेटेल त्याला चावतो. प्लास्टिकची आवरणं कुरतडतो, चांदी खातो. थ्रस्टरमधली तापलेली कॅथोड, म्हणजे विजेचं ऋण टोक, तर त्याला फारच आवडते. म्हणून जर्मनीत स्टुटगार्ट विद्यापीठात विजेचं टोक प्लाझ्मात न बुडवता बाहेरून रेडिओलहरींनीच वायू तापवणाऱ्या थ्रस्टरवर काम केलं जातं.

मार्च २०१८ मध्ये युरोपीय अंतराळ संस्थेनं जाहीर केलं, की इटलीतल्या सिटाएल कंपनीनं निर्वात टाकीत असा थ्रस्टर चालवून पाहिला. हवा पकडणारं तोंड पोलंडच्या क्विंटेसायन्सनं आखलेलं. समोरून सेकंदाला ७.८ किलोमीटरचा कणांचा मारा, दोनशे किलोमीटर उंचीची नक्कल. आधी झेनॉनवर पेटवला, तेव्हा झोत निळा होता. मग झेनॉन कमी करत हवा आणली, तसा तो जांभळा झाला. शेवटी निव्वळ हवेवर चालला. पण ते टाकीत. आभाळात या हवेवर गुजराण करणारा उपग्रह अजून व्हायचा आहे. आजीचा मुद्दा तेवढ्यापुरता शाबूत.

दुसरं पत्र पवनी तालुक्यातल्या एका निवृत्त मुख्याध्यापकांचं, शाईच्या पेनानं लिहिलेलं:
"आपण विज्ञानाचे शिक्षक होतात, म्हणून आश्चर्य वाटले. जी हवा अडवते तिनेच ढकलायचे, हे बैलाच्या शेपटीला बैल जुंपण्यासारखे आहे. ऊर्जा अक्षय्यतेचा नियम आपण विसरलात काय?"

गुरुजी, तुमच्यासमोर कान धरून उभा राहिलो असतो, पण नियम मोडलेला नाही. तुम्ही वैनगंगेकाठचे. डोंगा वल्हवणाऱ्याकडे बघा. जे पाणी डोंग्याला अडवतं, त्याच पाण्याला तो वल्ह्यानं मागे रेटतो आणि पुढे जातो. पाण्यानं त्याला ताकद दिली नाही, ताकद त्याच्या दंडातली आणि सकाळी खाल्लेल्या भाकरीतली. पाणी फक्त रेटायला आहे. इथं दंडाच्या जागी सोलर पॅनेल. सूर्य काढून घेतला तर उपग्रह सरळ खाली येईल. हवेच्या वाटेला आलेलं काम फक्त वस्तुमान पुरवण्याचं.

तरी तुमच्या शंकेत एक खरी धार आहे. जितकं तोंड मोठं तितकी हवा जास्त मिळते आणि अडथळाही तितकाच वाढतो. दोन्ही एकाच मापानं वाढतात, म्हणून मोठं यंत्र करून सुटका नाही. अंग बारीक ठेवायचं, समोरची जवळजवळ सगळी जागा तोंडालाच द्यायची, पकड शंभरात चाळिसाची पन्नास कशी होईल ते बघायचं आणि पॅनेल धारेसारखी पातळ ठेवायची. जमाखर्च अगदी काठावरचा आहे. मला विचाराल तर जमेल असं वाटतं, पण जमलं तर थोडक्यात जमेल.

तिसरं पत्र सिंदेवाही तालुक्यातून:
"२०२२ च्या गुढीपाडव्याला संध्याकायी आभायातून आगीचे लोळ गेले, म्या सोता पायले. मंग लाडबोरीत लोखंडाचं मोठं कडं पडलं. आता तुमी म्हनता उपग्रह आनखी खाली आननार. आमच्याच डोक्स्यावर कायले?"

भाऊ, ती संध्याकाळ मीही पाहिली, आमच्याकडून ती आग पूर्वेला सरकताना दिसली. पोट्टे गच्चीवर ओरडत होते. २ एप्रिल २०२२. लाडबोरीत पडलेलं कडं सुमारे तीन मीटर व्यासाचं होतं. ते उपग्रहाचं नव्हतं. अभ्यासकांच्या मते चीनच्या लाँग मार्च ३बी रॉकेटचा तिसरा टप्पा होता, फेब्रुवारी २०२१ मध्ये उडालेल्या. काम झाल्यावर तो लांबट कक्षेत सोडून दिलेला. दर फेरीत खालच्या टोकाला विरळ हवेला घासायचा आणि वर्षभरात घासून घासून खाली आला. वर ज्या हवेचं कौतुक केलं, तिचीच ही करणी.

रॉकेटचा टप्पा टनावारी वजनाचा आणि बेवारस असतो, कधी कुठं पडेल ते कोणाच्या हातात नसतं. आपण बोलतो आहोत ते उपग्रह लहान, आणि त्यांचं इंजिन बंद पडलं की काही दिवसांत खाली येऊन बहुतेक जळतात. आठशे किलोमीटरवर मेलेला उपग्रह शंभराहून जास्त वर्षं तसाच फिरत राहतो आणि दुसऱ्यांवर आपटायचा धोका ठेवतो. तुमच्या डोक्यावर कधीच काही येणार नाही अशी हमी मी देत नाही. गोचे जवळजवळ टनभराचा होता, त्याचे काही तुकडे समुद्रापर्यंत पोचतील असा अंदाज होताच. पण कचरा वर साठवून ठेवण्यापेक्षा हा हिशेब मला बरा वाटतो.

एक गोष्ट मात्र तुमच्या बाजूची. ३ फेब्रुवारी २०२२ ला इंटरनेट पुरवणाऱ्या स्टारलिंकचे ४९ उपग्रह सुमारे २१० किलोमीटरवर सोडले. दुसऱ्याच दिवशी सूर्याच्या उपद्रवानं वरची हवा फुगली, ओढ एरवीपेक्षा निम्म्यानं वाढली आणि चाळिसाच्या आसपास उपग्रह वर चढूच शकले नाहीत, जळून गेले. हवा खाणाऱ्याला अशा दिवशी घासही मोठा मिळेल आणि मारही. त्याला तो घास तितक्याच चपळाईनं पचवावा लागेल.

चौथं पत्र मोर्शीच्या संत्रा बागायतदाराचं. विचारतात, की उपग्रह खाली आले तर आमच्या नुकसानीचा फोटो नीट निघेल का, कारण "मागच्या साली बगीच्यात फळांचा सडा होता आणि कागदावर बाग हिरवीगार."

फोटो नीट निघेल. युरोपचा सेंटिनेल-२ उपग्रह ७८६ किलोमीटरवरून दहा मीटरचा एक ठिपका टिपतो. तोच कॅमेरा अडीचशे किलोमीटरवर आणला तर ठिपका तीनेक मीटरचा होईल, म्हणजे झाडन्‌झाड वेगळं. पण एका फेरीत दिसणारी पट्टीही २९० किलोमीटरवरून नव्वदच्या आसपास येईल. मग तेवढाच मुलूख बघायला तिप्पट उपग्रह लागतील. आणि पानाखाली गळून पडलेला आंबिया बहार वरून कसा दिसणार? तुमची बाग हिरवी होतीच, उपग्रह खोटं बोलला नाही. माझ्या दोन एकरांतलं सोयाबीन एका पावसाळ्यात आठवडाभर पाण्यात उभं होतं, पीक कुजलं आणि त्यात गवत माजलं. ज्यांनी पंचनामा मोजला त्यांच्या नकाशात माझं शेत तालुक्यात सगळ्यात हिरवं. मी तीन चकरा मारल्या, चौथी मारली नाही.

शिवाय जुलै-ऑगस्टात ढग असतात. कॅमेरा दोनशेवर आणा नाहीतर आठशेवर, त्याला ढगच दिसणार. ढगातून बघायला रडार लागतं. इस्रो आणि नासाचा निसार ३० जुलै २०२५ ला त्यासाठीच गेला आहे, ७४७ किलोमीटरवर. रडारला मात्र जवळीक फार मानवते, कारण त्याचा किरण जातो आणि परतही येतो, दोन्ही वेळा पसरतो. अंतर कमी झालं की लागणारी वीज झपाट्यानं उतरते. खालच्या कक्षेचा खरा फायदा शेतकऱ्याला मिळालाच तर तो या वाटेनं मिळेल, असं मला वाटतं.

हिंगणघाटच्या आयटीआयमधल्या मुलानं विचारलंय, की इस्रोनं २०१६ मध्येच हवा घेणारं इंजिन उडवलं, मग हे नवीन काय? २८ ऑगस्ट २०१६ ला श्रीहरिकोट्याहून उडालं ते स्क्रॅमजेट. ते खालच्या दाट हवेतला ऑक्सिजन घेऊन सोबतचा हायड्रोजन जाळतं. इथं काहीच जळत नाही, हवा फक्त विजेनं फेकली जाते. तू वायरमन होणार आहेस तर हे दुसरं तुझ्या खात्यातलं.

शेवटचं पत्र चिखलदरा तालुक्यातल्या आठवीतल्या मुलाचं, पोस्टकार्ड. एकच ओळ: "तो उपग्रह आपल्याला दिसेल का?"

दिसेल, पण घाई करावी लागेल. उपग्रह स्वतः उजेड देत नाही. आपल्याकडे अंधार आणि त्याच्यावर ऊन, असं असेल तेव्हाच तो चमकतो. दोनशे किलोमीटरवरचा उपग्रह सूर्य बुडाल्यावर तासाभरातच पृथ्वीच्या सावलीत जातो, अंतराळस्थानक त्याहून अर्ध्या तासानं. आणि तो डोक्यावरून फार पटकन जाईल, तीन-चार मिनिटांत इकडून तिकडे, न लुकलुकता. पहाटेही तसंच, सूर्य उगवायच्या आधी तासभर. तुमच्याकडे वीज कमी, म्हणून आभाळ काळंभोर, हे नागपूरच्या पोट्ट्यांच्या नशिबात नाही. हवा खाणारा वर जाईपर्यंत अंतराळस्थानक बघून डोळा तयार करून ठेव. मार्चमध्ये आईबरोबर पहाटे मोहफुलं वेचायला जाशील, तेव्हा टोपली भरायच्या आधी जरा मान वर कर. बहुतेकदा ते नैऋत्येकडून नाहीतर वायव्येकडून वर येतं.